‘हेक्सन’ची दोन पार्श्वसंगीतं आणि विल्यम बरोजचा आवाज

जुने चित्रपट डिस्कवर आणणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीच्या ‘हेक्सन’ ब्ल्यू-रेवर एकाच मूकपटाची दोन रूपं आहेत. पहिलं १०५ मिनिटांचं. त्याला शूबर्ट, ग्लुक, बेथोव्हन यांच्या रचनांमधून जुळवलेल्या संगीताची साथ आहे. दुसरं ७६ मिनिटांचं. त्यात जॅझवाल्या पाचजणांचा ताफा वाजतो आणि अमेरिकी लेखक विल्यम बरोज बोलतो. चेटकिणी त्याच, सैतान तोच, छळाची हत्यारंही तीच, तरी दोन्ही पाहून उठताना मनात राहतं ते अगदी वेगळं. भयपटात पार्श्वसंगीत नेमकं काय करतं हे ज्याला कानांनी समजून घ्यायचंय, त्याच्यासाठी याहून चांगली डिस्क सापडणं अवघड आहे. आणि तो कोरडा, नाकातला आवाज असा कसा घडला याचं उत्तर त्याच कंपनीच्या ‘बरोज: द मूव्ही’ या माहितीपटाच्या डिस्कवर मिळतं. म्हणून या दोन्हींबद्दल एकत्र लिहितोय.

आधी चित्रपटाबद्दल थोडं. दिग्दर्शक बेन्यामिन क्रिस्टेन्सेन हा डेन्मार्कचा, पैसा स्वेन्स्क फिल्मइंडस्ट्री या स्वीडिश कंपनीचा. चेटकिणी कशा ओळखाव्यात आणि त्यांच्यावर खटले कसे चालवावेत हे सांगणारा ‘मालेउस मालेफिकारुम’ हा पंधराव्या शतकातला ग्रंथ त्याला बर्लिनमध्ये मिळाला, आणि त्यातून हे सगळं सुरू झालं. चित्रपटाचे सात भाग आहेत. पहिला भाग म्हणजे सरळ व्याख्यान: जुनी चित्रं, लाकडी ठसे, नरकाचा हलता देखावा, आणि एकेक तपशील दाखवणारी छडी. पुढचे भाग नाट्यमय आहेत आणि शेवटचा १९२१ सालच्या दवाखान्यात आणि दुकानात येऊन थांबतो. म्हणजे माहितीपट आणि भयपट या दोन्ही जाती एकाच रिळात आल्या. सैतानाचं काम स्वतः क्रिस्टेन्सेननं केलंय. खिडकीतून जीभ लवलवत डोकावणारा तो सैतान शंभर वर्षांनंतरही दचकवतो.

मुख्य आवृत्तीचं चित्र टू-के दर्जाच्या नव्या पुनरुज्जीवनातलं आहे आणि ते उत्तम आहे. रंगछटा परत आल्यात: रात्रीला निळी, आगीला आणि नरकाला तांबडी. म्हातारीच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती मोजता येते. आधीच्या २००१ सालच्या डीव्हीडीवरून ब्ल्यू-रेवर यायचं का, असं कुणी विचारलं तर उत्तर सरळ ‘हो’. अंधाऱ्या कोठडीच्या कोपऱ्यात उभी असलेली माणसं डीव्हीडीवर काळ्या डागासारखी दिसायची, ती आता माणसांसारखी दिसतात.

आता संगीत. स्टॉकहोमला हा चित्रपट १८ सप्टेंबर १९२२ रोजी लागला, कोपनहेगनला त्याच वर्षी नोव्हेंबरात. त्या काळी मूकपटासाठी वेगळं संगीत क्वचितच रचलं जाई. चित्रपटगृहाचा वाद्यवृंदप्रमुख माहितीतल्या रचनांचे तुकडे निवडून प्रसंगांना जोडत असे. कोपनहेगनमध्ये पन्नास वादक होते, आणि नशिबानं तिथे कोणकोणते तुकडे वाजले याची यादी चित्रपटगृहाच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत राहिली. वाद्यवृंदसंचालक गिलियन अँडरसन यांनी त्या यादीवरून संगीत पुन्हा बांधलं आणि २००१ मध्ये चेक फिल्म ऑर्केस्ट्राकडून ते वाजवून घेतलं, मूळच्यापेक्षा लहान ताफ्यात. ब्ल्यू-रेवर ते ५.० सराउंडमध्ये आहे.

हे संगीत भीती घालत नाही, आणि त्याची ताकद तिथेच आहे. मारिया नावाच्या म्हातारीला पकडून आणतात तो भाग बघा. गरीब, दातपडकी बाई. छळ असह्य झाल्यावर ती कबुलीजबाब देते, आणि जिनं तिच्याकडे बोट दाखवलं त्या घरातल्या बायकांचीच नावं सांगू लागते. त्या वेळी तंतुवाद्यांची लांब, संथ चाल तिच्या चेहऱ्याखालून वाहत राहते. प्रेक्षकाला चेटकिणीची भीती वाटत नाही, समोर बसलेल्या धर्माधिकाऱ्यांची वाटते. क्रिस्टेन्सेनला जे म्हणायचं होतं ते हेच.

उणीव सांध्यांमध्ये आहे. एक रचना संपून दुसरी सुरू होते तिथे सूर, लय, वजन सगळं एकदम बदलतं, आणि चित्रातला प्रसंग मात्र अजून अर्ध्यावर असतो. चेटकिणींच्या रात्रीच्या मेळाव्यात हे सर्वात खटकतं. पडद्यावर पोरं कढईत टाकली जातायत आणि वाद्यवृंद सभ्यपणे आपली आवर्तनं पुरी करतोय. जुळवलेल्या संगीताची ही मर्यादा आहे, अँडरसन यांची चूक म्हणता येणार नाही. त्यांनी यादीशी इमान राखलं.

दुसरी आवृत्ती १९६८ सालची, ‘विचक्राफ्ट थ्रू द एजेस’ या नावानं आलेली. तिच्यामागे अँटनी बॉल्च होता. लंडनचा हा माणूस स्वतः प्रायोगिक लघुपट करायचा आणि चित्रपटांचं वितरणही. ब्रिटनमध्ये तीस वर्षं बंदी असलेला टॉड ब्राउनिंगचा ‘फ्रीक्स’ त्यानंच १९६३ मध्ये तिथे पडद्यावर आणला. बरोज आणि त्याचा चित्रकार मित्र ब्रायन गायसिन यांच्याबरोबर त्यानं ‘टॉवर्स ओपन फायर’ आणि ‘द कट-अप्स’ हे लघुपट केले होते. कात्रीनं मजकूर कापायचा, तुकडे भलत्याच क्रमानं जोडायचे आणि त्यातून नवं वाक्य उमटू द्यायचं, या कट-अप पद्धतीची सुरुवात १९५९ साली पॅरिसमध्ये गायसिनच्या टेबलावर झाली. बॉल्चनं तीच रीत फिल्मच्या पट्टीवर चालवून पाहिली. ‘हेक्सन’ची ही आवृत्ती तितकी तोडफोड करत नाही, पण जुन्या वस्तूला दुसऱ्या काळाचा आवाज जोडायचा ही वृत्ती तीच आहे.

संगीत डॅनिएल ह्युमेर या स्विस ड्रमवादकाचं. व्हायोलिनवर जाँ-ल्युक पाँती, तेव्हा पंचविशीतला. त्याच वर्षी पॅरिसच्या क्लबमध्ये हे दोघं ऑर्गनवादक एडी लुईससोबत त्रयी म्हणून वाजवत होते, आणि ती सलगी इथे ऐकू येते. पाँती नंतर जॉन मॅक्लॉक्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रात गेला. त्याच मॅक्लॉक्लिननं पुढे आपल्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर ‘शक्ती’ उभी केली. ‘शक्ती’ ऐकत आलेल्या कानांना पाँतीच्या व्हायोलिनची धाव ओळखीची वाटेल.

हा ताफा चित्राशी वागतो कसा? पडद्यावर झाडू उडाला की वाद्यानंही सरकन वर जायचं, असला प्रकार इथे नाही. चेटकिणी छपरांवरून उडत जातात तो प्रसंग अनेकदा चित्रण करून, थरावर थर चढवून बनवलाय. वाद्यवृंदाच्या आवृत्तीत ते दृश्य भव्य वाटतं. इथे ड्रमची लय खाली धावत असते आणि व्हायोलिन तिच्यावरून मोकळं सुटतं, त्यामुळे त्या बायका भयंकर वाटण्याऐवजी सुटलेल्या वाटतात. गावाच्या, चर्चच्या, नवऱ्याच्या हातातून सुटलेल्या. १९६८ साली हे ऐकणाऱ्या तरुणांना त्यात काय दिसलं असेल हे वेगळं सांगायला नको. मेळाव्याचा जो प्रसंग आधी अडखळत होता, तो या संगीतात मोकळा वाहतो.

जिथे यातना आहे तिथे मात्र जॅझ तोकडं पडतं. मारियाच्या कबुलीजबाबाखाली ड्रमवर फिरणारा ब्रश ऐकवत नाही. त्या चेहऱ्याला शांतता हवी होती, आणि ताफ्यानं तिथे हात आवरायला हवा होता.

बरोजचं निवेदन सुरू होतं ते मंत्रासारख्या ओळींनी: दारं लावा, फटी बुजवा, त्यांना बाहेर ठेवा. त्यानंतर तो मूकपटात मध्येमध्ये येणाऱ्या पाट्यांवरचा मजकूर आपल्या आवाजात सांगत जातो. पाट्या जवळजवळ सगळ्या गेल्यामुळे चित्रपट आटोपशीर झालाय. बरोज आवाजात भीती आणत नाही. सरकारी कचेरीतला कारकून नोंदवहीतली नोंद वाचून दाखवेल, तसा तो मांजरीच्या विष्ठेचा काढा आणि अंगठे पिरगाळणारे स्क्रू यांचं वर्णन करतो. म्हणूनच ते ऐकताना पोटात गोळा येतो, कारण हे खटले चालवणाऱ्यांचा सूरही असाच असणार. निवेदकाचा आवाज हे इथे सहावं वाद्य आहे.

तांत्रिक बाजू कमजोर आहे. चित्र काळं-पांढरं, रंगछटा नाहीत, आणि पुनरुज्जीवित प्रतीइतकं स्वच्छही नाही. निवेदन आणि संगीत एकाच मोनो पट्टीत असल्यामुळे बरोज बोलू लागला की ताफ्यातले बारीक आवाज त्याच्याखाली दबतात. डिस्कवर ही आवृत्ती जोड म्हणून दिलीय, मुख्य म्हणून नाही, हे लक्षात ठेवूनच अपेक्षा धरावी.

पाहण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी १०५ मिनिटांची आवृत्ती, एका बैठकीत. दुसऱ्या दिवशी ‘बिब्लिओथेक दियाबोलिक’ हा विभाग: क्रिस्टेन्सेननं कोणत्या जुन्या चित्रांवरून कोणतं दृश्य घेतलं ते त्यात छायाचित्रांसह दाखवलंय. मग अभ्यासक कॅस्पर ट्युबेर्ग यांचं समालोचन, निदान पहिल्या दोन भागांपुरतं. आणि शेवटी १९६८ची आवृत्ती. जॅझची आवृत्ती आधी पाहिली तर पुढे मूळ चित्रपट लांबलेला वाटतो, आणि तो अन्याय होईल. १९४१ सालच्या पुनःप्रदर्शनासाठी क्रिस्टेन्सेननं कॅमेऱ्यासमोर उभं राहून दिलेली प्रस्तावनाही चुकवू नका. हा विषय मूकपटातच का शोभतो हे तो तिथे सांगतो. बरोजचं निवेदन ऐकण्याआधी ते ऐकलेलं बरं.

घरी लावताना काही गोष्टी हमखास बिघडतात. टीव्हीवरचं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग आधी बंद करा. मूकपटांचा वेग सेकंदाला २४ चौकटींपेक्षा कमी असायचा. तो २४ मध्ये बसवताना काही चौकटी दोनदा येतात, आणि टीव्ही मध्ये स्वतःच्या चौकटी घालू लागला की हात-पाय चिखलात ओढल्यासारखे दिसतात. चित्राचा मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवा. ‘व्हिव्हिड’वर तांबडी छटा इतकी भडकते की आगीपुढचे चेहरे पुसले जातात. ५.० मध्ये सबवूफरची वेगळी वाहिनी नाही, तेव्हा तिथून काही येत नाही म्हणून वायरी उपटत बसू नका. खर्ज हवा असेल तर अॅम्प्लिफायरला पुढचे स्पीकर ‘स्मॉल’ आहेत असं सांगा, मग खालचे सूर तो सबवूफरकडे वळवेल. १९६८च्या आवृत्तीसाठी उलट करायचं: सगळे कृत्रिम सराउंड बंद, ‘डायरेक्ट’ किंवा ‘स्टीरिओ’ चालू. मोनो आवाज पाच कोपऱ्यांत पसरवला की बरोज विहिरीतून बोलल्यासारखा येतो. व्हायोलिन कानाला टोचत असेल तर ट्रेबल दोन-तीन डेसिबलनं उतरवा. त्यापेक्षा जास्त उतरवलं तर झांजा मरतात.

आता ‘बरोज: द मूव्ही’. हॉवर्ड ब्रुकनरनं १९७८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात शिकत असताना हे काम हाती घेतलं आणि १९८३ मध्ये पुरं केलं. कॅमेरा टॉम डिचिलोचा, ध्वनिमुद्रण जिम जारमुशचं (दोघंही पुढे दिग्दर्शक झाले), आणि तेव्हा या तिघांनाही कुणी ओळखत नव्हतं. ब्रुकनर १९८९ मध्ये एड्सनं गेला, वय ३४. त्यानंतर चित्रपट जवळजवळ गायबच होता. पुतण्या आरन ब्रुकनरनं प्रत शोधली, लोकवर्गणीतून पैसे उभे केले, आणि २०१५ मध्ये ही डिस्क आली.

लेखकांवरच्या माहितीपटांत बहुतेकदा मित्रमंडळी गौरवाचं बोलतात, मध्येमध्ये पुस्तकांची मुखपृष्ठं येतात आणि शेवटी पियानो वाजतो. इथे पाच वर्षं माणसाच्या घरात वावरलेला कॅमेरा आहे. मॅनहॅटनच्या बाउरी रस्त्यावरचं ते बिनखिडक्यांचं घर, ‘बंकर’, एका जुन्या वायएमसीएची कपडे बदलण्याची खोली होती. बरोज तिथे आपली हत्यारं एकेक करून दाखवतो, आणि आवाज तोच, नोंदवहीचा. सेंट लुईसमध्ये थोरला भाऊ मॉर्टिमर शेजारी बसून सांगतो की ‘नेकेड लंच’ ही बरोजची कादंबरी आपल्याला आवडली नाही. बरोज ऐकून घेतो. त्या शांततेत त्या घराबद्दल जे कळतं ते कुठल्या चरित्रात इतक्या थोडक्यात सापडत नाही.

‘नेकेड लंच’मधला डॉक्टर बेनवेचा प्रसंग ब्रुकनरनं नाट्यरूपात घेतलाय. बरोज स्वतः शल्यविशारद, जॅकी कर्टिस परिचारिका, आणि हृदयाला मालिश करायला संडासाचा तुंबा काढायचा रबरी पंप. ‘हेक्सन’मधल्या धर्माधिकाऱ्यांच्या खोलीनंतर हे लगेच पाहिलं तर नातं डोळ्यांत भरतं: दोन्हीकडे टेबलावर असहाय देह, आणि भोवती अधिकारानं, निवांतपणे काम करणारी माणसं. बरोज ‘हेक्सन’च्या निवेदनाला इतका चपखल का बसला हे इथे कळतं.

सर्वात अवघड भाग मुलाचा. १९५१ मध्ये मेक्सिको सिटीत दारूच्या नशेत डोक्यावरच्या पेल्यावर नेम धरताना बरोजच्या गोळीनं पत्नी जोन व्होल्मर मेली. बरोज त्याबद्दल कॅमेऱ्यासमोर बोलतो. मुलगा बिली तेव्हा चार वर्षांचा होता. चित्रपटात तो तिशी ओलांडलेला, यकृत बदललेला, बापाशेजारी बसलेला दिसतो. १९८१ मध्ये, चित्रपट पुरा होण्याआधीच, तो गेला. ब्रुकनरनं तिथे ना संगीत वाढवलंय ना निवेदन घातलंय. जारमुशनं पकडलेला खोलीतला आवाज तेवढा आहे, आणि तो पुरतो. यातना असलेल्या जागी आवाज कसा राखावा याचा हा धडा आहे, आणि १९६८च्या ‘हेक्सन’ला नेमका तोच जमला नाही.

मुलाखती देणाऱ्यांत अॅलन गिन्सबर्ग, गायसिन, पॅटी स्मिथ, चित्रकार फ्रान्सिस बेकन आहेत. १९६२ साली मुंबईत मुक्काम करून अशोक शहाणे, अरुण कोलटकर यांच्या वर्तुळात वावरलेला गिन्सबर्ग तो हाच. लघुअनियतकालिकांच्या चळवळीबद्दल ज्यांना आस्था आहे त्यांनी त्याच्यासाठीही हा माहितीपट पाहावा. तो बरोजला किती हळुवारपणे बोलतं करतो ते बघण्यासारखं आहे.

चित्र सोळा मिलिमीटरचं, दाणेदार, आणि ते तसंच ठेवलंय हे बरं केलं. आवाज मोनो आहे. गर्दीच्या खोल्यांमध्ये काही वाक्यं पुटपुटल्यासारखी येतात, तेव्हा इंग्रजी सबटायटल चालू ठेवा. जोडपदार्थांत जारमुशचं समालोचन सर्वात मोलाचं आहे, कारण तो मायक्रोफोन धरून तिथेच उभा होता. ब्रुकनरची १९८५ सालची ध्वनिमुद्रित मुलाखतही ऐकावी. रॉबर्ट फुल्टननं १९८१ मध्ये केलेली अर्ध्या तासाची प्रायोगिक जुळणी कट-अपमध्ये रस असेल तरच लावा. बाकीच्यांना ती विस्कळीत वाटेल.

या जोडीला तिसरी वस्तू घ्यायची तर ती ध्वनिमुद्रिका असावी: त्याच कादंबरीवरून दिग्दर्शक क्रोननबर्गनं १९९१ साली केलेल्या ‘नेकेड लंच’ या चित्रपटाचं संगीत. हॉवर्ड शोरनं लंडन फिलहार्मोनिककडून काळोखी, संथ सूर वाजवून घेतले आणि त्यांच्यावर ऑर्नेट कोलमनचा सॅक्सोफोन मोकळा सोडला. ‘हेक्सन’मध्ये वेगवेगळ्या आवृत्त्यांत असलेले वाद्यवृंद आणि जॅझ इथे एकाच वेळी ऐकू येतात, एकमेकांत न मिसळता. त्यात ‘मिडनाइट सनराइज’ हा तुकडा आहे, १९७३ साली मोरोक्कोच्या जाजूका गावातल्या वादकांबरोबर कोलमननं केलेला. त्या वेळी बरोज तिथे हजर होता. हेडफोनवर ऐका, लहान स्पीकरवर खालची तंतुवाद्यं ऐकूच येत नाहीत आणि सॅक्सोफोन पोरका वाटतो.

खरेदीबद्दल. ब्ल्यू-रे डिस्कना जगाच्या ए, बी, सी अशा विभागांनुसार कुलूप असतं. दोन्ही ब्ल्यू-रे विभाग ‘ए’चे आहेत आणि भारत विभाग ‘सी’मध्ये येतो. इथे विकत घेतलेला साधा प्लेअर त्या नाकारतो. रिमोटवर कळ दाबून बहुधा फक्त डीव्हीडीचं कुलूप उघडतं, ब्ल्यू-रेचं नाही, आणि फसगत होते ती इथेच. प्लेअर घेताना ‘ब्ल्यू-रे ए-बी-सी’ असं लिहून घ्या, नुसतं ‘मल्टी-रीजन’ पुरेसं नाही. डीव्हीडी विभाग १ ची, एनटीएससी म्हणजे अमेरिकी टीव्ही पद्धतीची आहे. संगणकाच्या ड्राइव्हवर ती लावताना विभाग पाचदाच बदलता येतो, पाचव्यांदा निवडलेला कायमचा राहतो. छापील किंमत ब्ल्यू-रेला साधारण ४० डॉलर. अमेरिकेतल्या बार्न्स अँड नोबलमध्ये जुलै आणि नोव्हेंबरात क्रायटेरियन निम्म्या किमतीत मिळतात, तेव्हा तिकडून कुणी येणार असेल तर तेव्हाच सांगून ठेवा. कुरिअरनं मागवलं तर सीमाशुल्क वेगळं पडतं. क्रायटेरियनची स्ट्रीमिंग वाहिनी अमेरिका आणि कॅनडापुरतीच आहे.

‘हेक्सन’ अमेरिकेत हक्कमुक्त असल्यामुळे इंटरनेटवर फुकट प्रतींचा सुकाळ आहे. त्यांतल्या बऱ्याच प्रतींना कुणीतरी हाताला लागलेलं संगीत जोडलेलं असतं, वेग चुकलेला असतो, कडा कापलेल्या असतात. तिथेच पाहायचं असेल तर आधी लांबी तपासा: १०० मिनिटांच्या पुढे असेल तर मूळ आवृत्ती असण्याचा संभव आहे, आणि ७६-७७ मिनिटं असून पहिल्याच मिनिटात दारं लावायला सांगणारा कोरडा आवाज आला तर ती बरोजची.